तारीख येईपर्यंत

अमेरिकेत मुलाची ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, तपासणी करून घ्यायची ठरवली की घरी आधी एक पत्र येतं. मुलाचं नाव प्रतीक्षायादीत घातलं आहे, जागा झाली की कळवू, तोवर काही अडचण आल्यास आपल्या बालरोगतज्ज्ञांशी बोला. खाली सही. जागा कधी होणार ते पत्रात नसतं. कुठे सहा महिने लागतात, कुठे वर्ष, कुठे त्याहून जास्त. तेवढ्यात दोन वर्षांचं मूल तीन वर्षांचं होतं, आणि भाषा शिकायचा त्याचा सगळ्यात चांगला काळ वाट बघण्यात जातो.

मी अटलांटात स्पीच थेरपिस्ट आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकले, लग्नानंतर इकडे आले, इथला परवाना मिळवला आणि आता तीन वर्षांखालच्या मुलांच्या घरी जाऊन काम करते. जॉर्जिया राज्याची ही योजना 'बेबीज कान्ट वेट' या नावाने चालते. या कामामुळे मी रोज अशा घरांत असते जिथे ते पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलेलं असतं. आणि इतक्या घरांत बसून माझी एका गोष्टीबद्दल पक्की खात्री झाली आहे. तारीख येईपर्यंतच्या काळात आईवडिलांना करण्यासारखं पुष्कळ असतं. पण ते कुणी सांगत नाही, ना दवाखाना, ना विमा कंपनी. सांगतात त्या याच वाटेने आधी गेलेल्या आया. घर कृष्णवर्णीय असेल तर ती वाट आणखी खडतर असते, आणि मग सांगणारी बाईही त्यातूनच गेलेली असावी लागते.

शहराच्या दक्षिणेला, क्लेटन काउंटीतल्या एका चर्चच्या हॉलमध्ये महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी अशा आयांचा गट जमतो. आयांचा म्हणते, पण दोन-तीन बाबा असतात आणि आज्या हमखास असतात. सगळ्यांची मुलं एक तर तपासणीच्या रांगेत आहेत, नाहीतर नुकतीच रांगेतून बाहेर पडलेली. मी ज्या मुलाकडे जात होते त्याच्या आईने मला तिथे नेलं, कारण मोठी माणसं बोलत असताना मुलांना सांभाळायला कुणी तरी हवं होतं. तेव्हापासून मी कोपऱ्यात गालिच्यावर मुलांबरोबर बसते. बोलणं कानावर पडतं. कुणी काही विचारलं तर उत्तर देते. एरवी तिथे बोलायचा हक्क त्यांचा आहे.

नवीन आई आली की तिच्याशी बहुतेक वेळा पहिल्यांदा बोलतात त्या एक थोरल्या बाई. दक्षिणेकडे वडीलधाऱ्या बायकांना नावाआधी 'मिस' लावून हाक मारायची रीत आहे, तशी सगळे त्यांनाही मारतात. त्या शाळेची बस चालवायच्या, आता निवृत्त आहेत. त्यांचा नातू उंच झालाय, खुर्च्या मांडायला तोच पुढे असतो. डॉक्टर काय म्हणाले हे त्या विचारत नाहीत. त्या विचारतात, "तुला पहिल्यांदा कधी वाटलं गं?"

या प्रश्नाला मी कितीतरी आयांना रडताना पाहिलंय. उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. पंधरा-सोळा महिन्यांचा होता. हाक मारली तर वळून बघायचा नाही. आधी 'बॉल' म्हणायचा, तेही बंद झालं. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले मुलगे उशिरा बोलतात, सहा महिन्यांनी बघू. सहा महिन्यांनी दवाखान्यात दुसरेच डॉक्टर होते.

या आयांच्या सांगण्याला आकड्यांचाही आधार आहे. २०२० साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात ५८४ आफ्रिकन-अमेरिकन मुलांचा अभ्यास छापून आला. आईवडिलांना पहिली शंका आल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी ४२.३ महिने गेले होते. साडेतीन वर्षं. निदानाच्या वेळी मुलांचं सरासरी वय ६४.९ महिने, म्हणजे जवळपास साडेपाच वर्षं होतं. बहुतेक कुटुंबांकडे आरोग्यविमा होता. या घरांत ऑटिझमची माहिती नसते, म्हणून ही माणसं उशिरा येतात, असं आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं म्हटलं गेलं. ते तसं नाही. आईला वेळेवर कळलेलं असतं. तिने सांगितलेलंही असतं.

मग तिचं ऐकून का घेतलं जात नाही? याची मुळं जुनी आहेत. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन लिहून ऑटिझम जगापुढे ठेवला. त्या अकरांत एकही मूल कृष्णवर्णीय नव्हतं. पालक बहुतेक उच्चशिक्षित होते. त्यातून हा सुशिक्षित, सुखवस्तू गोऱ्या घरांतला आजार आहे असा समज रुजला. पुढे शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी आईच्या थंड, अलिप्त वागण्यावर खापर फोडलं आणि 'रेफ्रिजरेटर मदर' हा शिक्का कितीतरी आयांच्या कपाळी बसला. कृष्णवर्णीय आईच्या वाट्याला तर हा शिक्काही येत नसे. ती शिकलेली नसणारच असं गृहीत धरून मुलाला 'भावनिकदृष्ट्या बिघडलेला' ठरवून वाटेला लावत. २००२ साली आलेल्या एका माहितीपटात अशाच एका आईने कॅमेऱ्यासमोर हे सांगितलंय.

जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावं, तर तसंही नाही. २००७ मध्ये डेव्हिड मँडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियातल्या मुलांच्या नोंदी तपासल्या. तज्ज्ञाकडच्या पहिल्या भेटीत ऑटिझमचं निदान मिळण्याची शक्यता कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत गोऱ्या मुलांपेक्षा २.६ पटीने कमी होती. निदान चुकलं तर त्यांच्या कागदावर वर्तनदोष किंवा 'जुळवून घेण्यातली अडचण' असं काहीतरी लिहिलं जाण्याचं प्रमाण जास्त होतं. वर्तनदोष लिहिला की मूल द्वाड ठरतं. द्वाड मुलाला थेरपी मिळत नाही, शिक्षा मिळते. सरकारच्या २०१३-१४ च्या आकडेवारीत बालवाड्यांमधली १९ टक्के मुलं कृष्णवर्णीय होती, आणि बालवाडीतून निलंबित झालेल्यांत त्यांचा वाटा ४७ टक्के होता. तीन-चार वर्षांच्या मुलांना निलंबित करतात, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. आता त्या गटात ती पत्रं मी पाहिली आहेत.

आमच्या शहराने मात्र यातली एक गोष्ट फार आधी सांगितली होती. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, अटलांटातच आहे. तिथल्या डॉ. मार्शलिन यर्गिन-ऑलसॉप, इथल्याच एमरी विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री, यांनी अटलांटा परिसरातल्या मुलांच्या नोंदींचा मोठा अभ्यास केला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑटिझमचं प्रमाण हजारी ३.४ आढळलं, आणि कृष्णवर्णीय व गोऱ्या मुलांत ते जवळपास सारखंच होतं. याला वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. सीडीसीच्या २०२२ च्या आकड्यांत आठ वर्षांच्या ३१ मुलांमागे एकाला ऑटिझम आहे, कृष्णवर्णीय मुलांत हजारी ३६.६ आणि गोऱ्या मुलांत हजारी २७.७. म्हणजे आता मुलं मोजणीत येऊ लागली आहेत. पण याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. ऑटिझम असलेल्या ज्या मुलांच्या बुद्धिमापनाची नोंद मिळाली, त्यांत बौद्धिक अक्षमताही असलेल्यांचं प्रमाण कृष्णवर्णीय मुलांत निम्म्याहून जास्त, तर गोऱ्या मुलांत एक तृतीयांशाच्या आसपास आहे. याची कारणं एकाहून जास्त असतील. मला यात दिसतात ती अजूनही नजरेतून सुटणारी मुलं, ज्यांची लक्षणं सौम्य आहेत आणि ज्यांना वेळेवर मदत मिळाली तर सगळ्यात जास्त फरक पडेल अशी.

असो. आकडे माझ्या धंद्याचे, म्हणून लिहिले. हॉलमध्ये आकड्यांबद्दल कुणी बोलत नाही. तिथे बोलणं होतं ते केसांबद्दल.

केसांचा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा मी मुलांबरोबर ठोकळे रचत होते, आणि ऐकता ऐकता हात थांबले. कुरळ्या, दाट केसांच्या मुलाला कंगवा सहन होत नाही. डोक्याला हात लावला तरी तो किंचाळतो. पण केस विस्कटलेले ठेवून त्याला बालवाडीत पाठवलं तर शिक्षिकेच्या नजरेत आई निष्काळजी ठरते, आणि कृष्णवर्णीय आईला ती नजर परवडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एकाही प्रशिक्षणात हा प्रश्न कधी आला नाही. गटात मात्र त्याची उत्तरं तयार होती. एकीने दाखवलं, मूल गाढ झोपलं की एका रात्री डोक्याचा एकच भाग घ्यायचा. आधी पाणी आणि कंडिशनर फवारायचं, मग बोटांनी गुंता सोडवायचा, रुंद दातांचा कंगवा टोकाकडून मुळाकडे, आणि सैल वेण्या. बाकीचं डोकं उद्या. वर सॅटिनची टोपी. मूल टोपीही ठेवत नसेल तर उशीला सॅटिनचा अभ्रा. तिने आपल्याच मुलीच्या बाहुलीवर हे सगळं करून दाखवलं आणि बाकीच्या जणी पुढे वाकून बघत होत्या.

तिथला एक बाबा न्हावी आहे. सोमवारी त्याचं दुकान बंद असतं. त्या दिवशी तो गटातल्या मुलांना बोलावतो. पहिल्या खेपेला मूल फक्त दुकानात फिरतं, खुर्ची गोल फिरवतं. दुसऱ्या खेपेला बंद मशीन हातात धरतं. केस कापले जातात ते बऱ्याच खेपांनंतर, आणि तेही कधी कधी मूल बाबांच्या मांडीवर बसून टॅब्लेट बघत असताना. मी स्पीच थेरपीत पायरी-पायरीने सवय लावायचं जे तंत्र पुस्तकातून शिकले, ते हा माणूस कुणी न शिकवता बरोबर करतो.

दुसरा विषय टेंगळांचा. काही मुलं डोकं भिंतीवर आपटतात, स्वतःचा हात चावतात. मग कपाळावर टेंगूळ, मनगटावर दातांचे व्रण. एक आई आपल्या मुलाला जूनच्या उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट घालून आणायची. जॉर्जियाचा जून म्हणजे आपल्या विदर्भातल्यासारखं ऊन नसलं तरी दमट, जीव नकोसा करणारा. मी मनाशी म्हणत होते की याला कपड्याचा स्पर्श सलतो, तरी असा शर्ट का. तिने ते गटात सांगितलं. कुणी व्रण पाहिले आणि बालकल्याण खात्याला फोन केला तर? ही भीती उगाच नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज असा, की अठरा वर्षांचं होईपर्यंत अमेरिकेतल्या ३७.४ टक्के मुलांच्या घरी अशी चौकशी येते, आणि कृष्णवर्णीय मुलांत हे प्रमाण ५३ टक्के आहे. म्हणजे तिच्या आळीत जवळपास दर दुसऱ्या घराने ती चौकशी पाहिलेली असते. मदत मागायला जायचं तिथूनच मूल काढून नेतील, ही धास्ती घेऊन ती तपासणीच्या खोलीत शिरणार असते.

गटाने तिला काय सांगितलं ते मी इथे मुद्दाम लिहिते, कारण ते फार शहाणपणाचं होतं. दडवू नको, आधी तूच सांग. बालरोगतज्ज्ञांकडे जा, व्रण दाखव, मूल स्वतःला इजा करतं हे त्यांच्या नोंदीत लिहून घे आणि त्या पानाची प्रत माग. पाळणाघराला तेच लेखी दे. प्रत्येक व्रणाचा फोटो तारखेसह ठेव, आणि जमलं तर मूल डोकं आपटत असतानाचा छोटा व्हिडिओही. तपासणीच्या दिवशी अनोळखी खोलीत मूल अगदी गप्प बसेल आणि डॉक्टर विचारतील की अडचण कुठे आहे, तेव्हा हा व्हिडिओच बोलेल. पुढच्या महिन्यात तो मुलगा अर्ध्या बाह्यांच्या बनियनमध्ये आला. माझ्या गालिच्यावर पोटावर झोपून त्याने बाटल्यांची झाकणं रंगांप्रमाणे एका रेषेत लावली, एक सरळ रेष, आणि मी एक झाकण जागचं हलवलं तेव्हा माझा हात धरून ते परत ठेवायला लावलं. त्याने मला काही सांगितलं, असं मी त्या दिवशीच्या वहीत लिहिलं. हात धरून सांगणं हीसुद्धा बोलण्याची सुरुवात असते.

फोन कसा करायचा याचाही सराव होतो. थोरल्या बाई दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्ट होतात, समोर एखादी तरुण आई. रात्रपाळीला गोदामात काम करणारी एक मुलगी होती, आवाज इतका हळू की मला कोपऱ्यात ऐकूच येईना.

"माफ करा, तुम्हाला त्रास देते, माझ्या मुलाच्या अपॉइंटमेंटचं..."

"थांब," थोरल्या बाई म्हणाल्या. "माफी कसली मागतेस? परत म्हण."

तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "नमस्कार. माझ्या मुलाचं नाव मार्चपासून यादीत आहे. कुणी अपॉइंटमेंट रद्द केली तर ती जागा मला हवी आहे. मी तासाभरात पोहोचू शकते. त्या यादीत माझं नाव घातलंत का? आणि मी आज कुणाशी बोलतेय?" मग थोरल्या बाईंनी तिला एक जाड फाइल दिली. त्यात फोनचं पान वेगळं होतं. तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव, काय सांगितलं. आवाज चढवायचा नाही, हेही तिला सांगितलं गेलं, आणि हे सांगताना खोलीतल्या सगळ्याच जणी गंभीर झाल्या. गोरी आई चिडली तर ती काळजीपोटी चिडली असं धरतात. या आईचा आवाज जरा चढला की ती भांडखोर ठरते, आणि एकदा तसा शेरा पडला की तो प्रत्येक खिडकीवर तिच्या आधी पोहोचतो. हा अन्याय आहे आणि त्यावर तोडगा त्या मुलीनेच शोधायचा, हे मला पटत नाही. पण तिला उद्या फोन करायचाच होता.

सगळ्यात मोलाची गोष्ट गटात पहिल्याच दिवशी कानावर घालतात. निदानाची वाट बघत बसू नका. मूल तीन वर्षांखालचं असेल तर आमच्या योजनेत यायला ऑटिझमचं निदान लागत नाही, डॉक्टरांची चिठ्ठीही लागत नाही. आई स्वतः फोन करू शकते, आणि त्या दिवसापासून ४५ दिवसांत मुलाची पाहणी करून मदतीचा आराखडा ठरवायला कायदा सांगतो. तीन वर्षं पूर्ण झाली की जबाबदारी शाळेच्या जिल्ह्याकडे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेकडे, जाते. तिथे लेखी, तारीख घातलेलं पत्र द्यायचं की माझ्या मुलाचं संपूर्ण मूल्यमापन करा, आणि पोच घ्यायची. लेखी संमती दिली की ६० दिवसांची मुदत सुरू होते. शाळेचं मूल्यमापन आणि दवाखान्यातलं निदान या वेगळ्या गोष्टी आहेत, विमा कंपनीला दुसरं लागतं. पण शाळेतली मदत दवाखान्याच्या तारखेपर्यंत अडून राहत नाही. हे सगळं कायद्यात आहे, राज्याच्या संकेतस्थळावरही आहे. तरी दोन-दोन वर्षं वाट बघून आलेल्या आया पहिल्यांदा ते त्या हॉलमध्ये ऐकतात. तोवर कधी कधी मुलाचा तिसरा वाढदिवस उलटून गेलेला असतो आणि माझ्या योजनेचं दार बंद झालेलं असतं. त्या वेळी मला काय वाटतं ते लिहिणं कठीण आहे.

शाळेकडे जायचं म्हटलं की आज्या मात्र आडव्या येतात. "स्पेशल एज्युकेशनमध्ये नाव घालू नका," एक आजी ठामपणे म्हणाली होती, "एकदा त्या वर्गात गेलेलं मूल परत येत नाही." बाहेरून बघणाऱ्याला हा हेका वाटेल. पण त्या पिढीने ते पाहिलं आहे. कॅलिफोर्नियात बुद्ध्यंक चाचण्यांच्या आधारे कृष्णवर्णीय मुलांना सरसकट 'मतिमंद' वर्गांत टाकलं जात होतं. पालक न्यायालयात गेले आणि १९७९ मध्ये 'लॅरी पी.' खटल्यात न्यायालयाने त्या चाचण्या अशा कामासाठी वापरायला बंदी केली. अशा आजीला समजवायला मी गेले तर ती नम्रपणे ऐकून घेईल आणि काहीच बदलणार नाही. तिच्याशी बोलली ती दुसरी आजी. तुमची भीती खरी आहे असं आधी म्हणाली. मग आपल्या नातवाचा शाळेशी झालेला लेखी करार दाखवला, त्यात काय काय मागितलं, कशाला नाही म्हटलं, सही करण्याआधी तो घरी नेऊन कसा वाचला. त्या दोघी हॉल रिकामा होईपर्यंत बोलत होत्या.

अशी जुळणी व्हायला लागते. १९७१ मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या आईने सुरू केलेल्या 'पायलट पेरेंट्स' या उपक्रमातून एका पालकाला दुसऱ्या अनुभवी पालकाशी जोडून देण्याची पद्धत अमेरिकाभर पसरली. जुळणी मुलाची अक्षमता आणि वय पाहून होते. ते योग्यच आहे, पण पुरेसं नाही. गोऱ्या उपनगरातली अत्यंत मायाळू आई या तरुण मुलीला फाइल कशी लावायची ते शिकवेल. लांब बाह्यांच्या शर्टाचं कारण मात्र तिच्या ध्यानात यायचं नाही. म्हणून कृष्णवर्णीय पालकांनी आपापले गट उभे केले. डेट्रॉइटकडे कमिल प्रॉक्टर यांनी आपल्या मुलाच्या निदानानंतर २००९ मध्ये 'द कलर ऑफ ऑटिझम फाउंडेशन' काढलं. फ्लोरिडात मारिया डेव्हिस-पिएर यांनी 'ऑटिझम इन ब्लॅक' सुरू केलं. त्या स्वतः समुपदेशक आहेत आणि ऑटिस्टिक मुलीच्या आईही. नॉर्थ कॅरोलिनात जेमी पिअर्सन यांनी कृष्णवर्णीय पालकांना मुलाच्या वतीने बोलायला शिकवणारा 'फेसेस' हा अभ्यासक्रम बांधला. ही कामं व्यासपीठावरच्या भाषणांपेक्षा मला मोठी वाटतात.

आणि एक विषय असा आहे जो फक्त बाबा काढतात, खाली बघत. मूल मोठं होईल, उंच होईल, रस्त्यात हातवारे करेल, पोलिसाने हाक मारली तर वळणार नाही. २०२४ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲपल व्हॅलीत रायन गेनर या पंधरा वर्षांच्या ऑटिस्टिक कृष्णवर्णीय मुलाला घरच्यांनी मदतीसाठी बोलावलेल्या शेरीफच्या माणसांनी गोळ्या घातल्या. त्यानंतरच्या शनिवारी हॉलमध्ये कुणी फाइल उघडली नाही. तीन वर्षांच्या मुलांचे बाप त्या दिवशी आपसांत ठरवत होते की घरी संकट आलं तर आधी कुणाला फोन करायचा. त्यांनी एकमेकांचे नंबर कागदावर लिहून घेतले आणि फ्रिजवर लावायचं ठरवलं. निदानाला उशीर झाला की काय होतं, असं मला कुणी विचारलं तर मी थेरपीचे तास मोजून दाखवू शकते. त्या बापांना जे दिसतं ते मोजता येणार नाही.

अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरांत आपली मराठी माणसं पुष्कळ आहेत. कधी रात्री उशिरा मला फोन येतो. कुणाच्या तरी ओळखीने नंबर मिळालेला असतो. आवाज दबका, आणि पहिलंच वाक्य, "ताई, मंडळात कुणाला बोलू नका हं." गणपतीला ढोलाच्या आवाजाने मूल कानांवर हात ठेवून जमिनीवर लोळलं, म्हणून त्या घराने यायचंच बंद केलेलं असतं. गावाकडून सासूबाई सांगत असतात की अमक्याचा मुलगाही पाच वर्षांनी बोलला. आपल्या घरांत विमा असतो, शिक्षण असतं, पोलिसाची ती धास्ती नसते. तरी ही घरं एकटी असतात, कारण ती स्वतःच दार लावून घेतात. क्लेटन काउंटीतल्या त्या आयांपाशी दार लावून बसण्याची सोय नव्हती, आणि त्यांनी उभं केलेलं पाहिल्यावर मला वाटतं की आपल्याकडे ही गोष्ट अवघड नसून फक्त कुणी तरी आपलं नाव आधी सांगायला हवं आहे. मी विचारून पाहिलं. एक आई तयार झाली आहे.

या गटाचं कौतुक ऐकून काही लोक म्हणतात, बघा, समाजच समाजाला सावरतो. मला याचा राग येतो. तपासणी करणारी प्रशिक्षित माणसं कमी आहेत, विमा कंपन्या आणि मेडिकेड ही कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची सरकारी विमा योजना या कामाचे पैसे कमी देतात, प्रत्येक तपासणीला कित्येक तास लागतात, म्हणून याद्या लांबतात. त्या आया हे काम करत नसत्या तर ही दिरंगाई सगळ्यांना उघडी दिसली असती. आज ती त्यांच्या शनिवारांच्या आड झाकली जाते. रात्रपाळी करून आलेली बाई दुसऱ्याच्या मुलासाठी सकाळी दोन तास फोनवर बसते आणि त्याचा तिला एक पैसा मिळत नाही. थोरल्या बाईंचे गुडघे दुखतात, त्या आता खुर्चीवरून फारशा उठत नाहीत.

अलीकडे शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाने गटाला निरोप पाठवला. आमच्या इमारतीत या, खोली देतो, खाऊ देतो, आमचे समाजसेवक बैठक चालवतील. हॉलमध्ये यावर बराच वाद झाला. काहींना वाटलं की तिथे गेलं तर तपासणीची तारीख लवकर मिळेल. न्हावी बाबा म्हणाला, "तिथे गेल्यावर टेंगळांबद्दल कोण बोलेल?" थोरल्या बाईंनी मला विचारलं की रुग्णालयाचे लोक बैठकीत बसले तर ऐकलेलं त्यांना वर कळवावं लागतं का. मी सांगितलं, लहान मुलाला इजा होत असल्याचा संशय आला तर माझ्यासारख्या माणसावर कायद्याने ते बंधन आहे, इथे या गालिच्यावर बसलेली असतानाही. त्यांनी मान हलवली. ते त्यांना माझ्याबद्दल पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

शेवटी पत्र लिहायचं ठरलं आणि ते गोदामातल्या त्या मुलीने लिहिलं. बैठक चर्चमध्येच होईल आणि आईवडीलच चालवतील. रुग्णालयाला मदत करायचीच असेल तर मुलांना सांभाळणाऱ्या दोघींचा आणि नव्या पालकांना फोन करणाऱ्या आयांचा तासाप्रमाणे पगार द्यावा. आणि प्रतीक्षायादीत नाव घातल्याचं जे पत्र घरोघर जातं, त्यात तळाशी दोन ओळी घालाव्यात: तीन वर्षांखालच्या मुलासाठी राज्याच्या योजनेचा फोन नंबर, आणि गटाचा.